वाडीतलं पोर गेलं

आज पहिलीतल्या पोराला माती देऊन आलो. एवढ्याशा लेकराला अग्नी देत नाहीत आमच्याकडे. रात्री जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली. तिचा दंश धड दुखतही नाही. पहाटे 'पोट दुखतंय' म्हणाला, घरच्यांना वाटलं अपचन झालं असेल.

आईचा टाहो ऐकवत नव्हता. बाप मात्र येईल त्याला पाणी विचारत होता, हातातला तांब्या खाली ठेवेना. वाडीत चूल पेटली नाही, पिठलं-भाकरी शेजारच्या गावाहून आली.

'देवाची मर्जी' म्हणणाऱ्यांचा राग आला. वेळेत प्रतिविष मिळालं तर मण्यार चावलेला माणूसही वाचतो हो! आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असली, तर साप आत शिरतच नाही. वाडीसाठी मच्छरदाण्या घ्यायच्यात. जमेल त्यांनी फोन करा.