त्यांनी खरं सांगितलं आणि केस गेली

चेक बाउन्सच्या मॅटरमध्ये मी बहुतेक वेळा फिर्यादीकडून असतो, यावेळी आरोपीकडून होतो. फिर्यादी रिटायर्ड गृहस्थ, ओळखीत हातउसने दिलेले 5 लाख, चेक परत आला, म्हणून कलम 138, म्हणजे चेक बाउन्सचा गुन्हा. सही कबूल होती, त्यामुळे कलम 139 चं गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला असं कोर्ट धरून चालतं ते, आमच्या विरुद्ध, देणं नव्हतं हे आम्हीच दाखवायचं.

लोकांना उलटतपास म्हणजे आवाज चढवणं वाटतं. खरं काम आदल्या रात्रीचं असतं. आपल्याकडे जबाब "हे म्हणणे खरे आहे की" असा लिहिला जातो, म्हणून प्रश्न इतका छोटा करायचा की तो जसाच्या तसा कागदावर उतरावा, साक्षीदाराला "पण" जोडायला जागाच नको. मी आठ प्रश्न लिहिले, तीन खोडले. ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं लॉ केलं, त्यात हे कोणी शिकवलं नाही, सिनियरच्या मागे फाइली घेऊन फिरताना शिकलो. बँक स्टेटमेंट ओळ न ओळ वाचायचं हेही तिथलंच.

या केसमध्येही अशिलाच्या स्टेटमेंटमध्येच सापडलं. चेक दिल्यानंतर, पण बँकेत टाकण्याआधी, अशिलाने 60 हजार ट्रान्सफर केले होते. केसआधी फिर्यादीने पाठवलेली पैशांच्या मागणीची नोटीस मात्र पूर्ण 5 लाखांची. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल केसमध्ये सांगितलंय की मधे काही रक्कम आली असेल तर कलम 56 प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेसाठीच तो टाकायचा, नाहीतर 138 लागत नाही. समोरच्या वकिलाने पक्षकाराला एवढंच विचारायचं होतं, मधे काही पैसे आले का? जुनी नोटीस उघडून नाव आणि आकडा बदलायचा, या सवयीचा मला मनापासून राग येतो.

मी विचारलं. फिर्यादी काका लगेच म्हणाले, "हो, आले ना, मी डायरीत लिहून ठेवलंय." जज मॅडमनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि टाइप करायला सांगितलं. शेवटचा प्रश्न, वसुलीचा दिवाणी दावा केला नाही? "नाही, वकील म्हणाले गरज नाही."

आरोपी निर्दोष. कायद्यात सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा म्हटलंय, इथे चार वर्षं गेली, आणि वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. म्हणजे तो रस्ताही बंद. अशिलाला म्हटलं, उरलेले 4 लाख 40 हजार देऊन टाका, देणं खरंच आहे. बघतो म्हणाला.

निकालानंतर काकांनी व्हरांड्यात मला गाठलं. "मी नाही म्हणालो असतो तर?"

समोरच्या पक्षकाराशी केसबद्दल थेट बोलायचं नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. मी म्हटलं तुमच्या वकिलांशी बोला, आणि निघालो. नाही म्हणाले असते तर मी स्टेटमेंट पुढे केलं असतं, केस तशीही गेलीच असती, वर ते खोटे ठरले असते. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, त्यांच्या वकिलाने सांगितलं असेल असं मला वाटत नाही.