वरातीमागून घोडं

घरी बिअर करायच्या कृतीत हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या बोंडांच्या, पुढे नुसते आकडे लिहिलेले असतात. 60, 15, 5, 0. पहिल्या खेपेला मी ते सरळ वाचले. उकळी फुटताच शून्याची पुडी टाकली, पाचव्या मिनिटाला पाचाची, पंधराव्याला पंधराची आणि तासाभराने, गॅस बंद करता करता, साठाची. अगदी वेळच्या वेळी! घरभर घमघमाट सुटला होता. मी खूश.

हे घड्याळ उलटं चालतं, हे मागाहून कळलं. 60 म्हणजे उकळी संपायला साठ मिनिटं उरलेली असताना. आणि तो घमघमाट? तो ग्लासात जायचा होता, आणि वाफेवर बसून खिडकीबाहेर गेला.

हॉपचं बोंड मधून उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. ल्युप्युलिन. सगळी करामत तिच्यात. तिच्यातली अल्फा आम्लं आळशी. पाण्यात सहजी विरघळत नाहीत. सडकून उकळलं की त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू होतात. त्यातही तासभर उकळून जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा हाती लागतो. त्यापुढे गॅस जाळून फारसं काही मिळत नाही. शेजारचीच सुगंधी तेलं मात्र उतावळी. त्यातलं मिर्सिन तर पाच-दहा मिनिटांत बरंचसं पसार. म्हणजे एकाच पुडीतून कडवटपणा काढायचा की वास, हे नुसत्या वेळेवर ठरतं. इथे वरातीमागून आलेलं घोडंच भाव खातं. काही जण तर गॅस बंद करून, पातेलं 80 अंशांवर आल्यावर हॉप्स टाकतात. ड्राय हॉपिंगवाले त्याहून निवांत. आंबून गार झालेल्या बिअरमध्ये टाकून तीन-चार दिवस विसरतात.

माझी ती पहिली बिअर कडू, मुकी झाली होती. मित्रांनी ‘वेगळीच आहे’ म्हणून संपवली.

आता साठाची पुडी टाकताना हातात पळी असते, कारण फेस क्षणात काठापर्यंत येतो. पुढचा पाऊण तास नुसती राखण. शेवटी शून्याची पुडी टाकायची, गॅस बंद, आणि लगेच झाकण. घरात फारसा वास आला नाही, की मला बरं वाटतं.