मॅकडॉवेलच्या पीटरबरोला जाताना

पियानो शिकणाऱ्या मुलांना अमेरिकन संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल हे नाव ठाऊक असतं ते बहुतेक एकाच रचनेमुळे, 'टू अ वाइल्ड रोझ'. आमच्या लेकीने ती बसवायला घेतली आणि आठवडेच्या आठवडे घरात तेच सूर घुमत राहिले. वाजवायला सोपी, पण नीट वाजवायला फार अवघड. या माणसाचं गाव बॉस्टनपासून दीड तासावर आहे हे कळल्यावर आम्ही शरद ऋतूत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पीटरबरोला गेलो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या पदक समारंभाला. तुम्हाला जायचं असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पीटरबरोला मॅकडॉवेलचं संग्रहालय नाही. तिकीट काढून आत शिरायचं, त्याची टोपी आणि चष्मा बघायचा, असं तिथे काही नाही. त्याच्या शेतावर आज त्याच्याच नावाची, कलावंतांना राहून काम करायला जागा देणारी संस्था आहे. तिथे लेखक, संगीतकार, चित्रकार काम करत बसलेले असतात आणि त्यांच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून पदक समारंभाचा दिवस सोडला तर वर्षभर आवार बंद असतं. मला हे स्मारकापेक्षा मोठं वाटतं. पण माहिती नसताना गेलात तर फाटकावरून परत यावं लागेल.

जाण्याआधी थोडं आयुष्य माहीत असलं तर तिथलं सगळं उलगडतं. मॅकडॉवेलचा जन्म 1860 मध्ये न्यूयॉर्कचा. लहानपणी त्याला शिकवणाऱ्यांत व्हेनेझुएलाची थोर पियानोवादक तेरेसा कारेन्यो होती. पुढे पॅरिसचं कॉन्झर्वेटरी (तिथे पुढे नावाजलेला फ्रेंच संगीतकार देब्युसी त्याच्या बरोबरीने शिकत होता), मग फ्रँकफर्टला योआखिम राफकडे रचनेचे धडे. 1882 मध्ये तो वायमारला जाऊन थोर पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्टला आपला पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ऐकवून आला आणि लिस्टच्या शिफारशीमुळे त्याच वर्षी झ्युरिकच्या महोत्सवात त्याला स्वतःची रचना वाजवता आली. तेव्हा तो बावीसचाही नव्हता. 1884 मध्ये त्याने आपली विद्यार्थिनी मॅरियन नेव्हिन्सशी लग्न केलं, 1888 मध्ये दोघं अमेरिकेत परतली आणि बॉस्टनला राहिली. म्हणजे घडण मुख्यतः जर्मन, वळण लिस्ट आणि राफचं, आणि माणूस अमेरिकन. 'फक्त अमेरिकन संगीतकारांची मैफल' या कल्पनेला त्याचा विरोध असे. आपलं संगीत युरोपच्या संगीताशेजारी ठेवून जोखावं, देशाच्या नावावर सवलत नको, असं त्याचं म्हणणं होतं. हा ताठपणा मला फार आवडतो.

1896 हे वर्ष मात्र मनात पक्कं करून जा. त्या वर्षी त्याची 'इंडियन स्वीट' (अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या सुरांवर आधारलेली वाद्यवृंद-रचना) न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली, कोलंबिया विद्यापीठाने त्याला आपला पहिला संगीताचा प्राध्यापक नेमलं, 'वुडलँड स्केचेस' हा दहा छोट्या पियानो-रचनांचा संच आला आणि मॅरियनने पीटरबरोजवळचं हिलक्रेस्ट नावाचं जुनं शेत विकत घेतलं. हिवाळ्यात न्यूयॉर्कला शिकवायचं आणि उन्हाळ्यात इथे येऊन लिहायचं, असा क्रम सुरू झाला. शेवटच्या दोन सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या पियानो-रचना ('नॉर्स' आणि 'केल्टिक', दोन्ही नॉर्वेचा संगीतकार ग्रीगला अर्पण), 'सी पीसेस', 'फायरसाइड टेल्स', 'न्यू इंग्लंड आयडिल्स' हे सगळं त्यानंतरच्या मोजक्या वर्षांतलं.

बॉस्टनहून साधारण 70 मैल. रूट 3 ने नॅशुआ, मग 101ए, मिलफर्डनंतर 101 धरून पश्चिमेला. रेल्वे नाही, बसच्या भरवशावरही राहू नका. गाडी हवीच. पीटरबरोच्या थोडं अलीकडे 101 घाट चढतो आणि माथ्यावर मिलर स्टेट पार्क लागतं. तिथून पॅक मोनॅडनॉकच्या शिखरापर्यंत गाडीरस्ता आहे (हिवाळ्यात बंद असतो). हवा स्वच्छ असेल तर आधी वर जा. पश्चिमेकडे एकटा उभा दिसतो तो 3,165 फुटांचा माउंट मोनॅडनॉक. मॅकडॉवेलचा मुलूख एका नजरेत कळायला याहून चांगली जागा नाही.

गावात पोचल्यावर आधी ग्रंथालय. 1833 मध्ये गावकऱ्यांनी करातून पैसे देऊन ते सुरू केलं आणि सार्वजनिक करावर चालणारं जगातलं पहिलं मोफत ग्रंथालय असा त्याचा मान सांगितला जातो. लहान गाव, पण पुस्तकांचं. डेपो स्क्वेअरपाशी पुस्तकांचं चांगलं दुकान आहे, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नसल्याने पुस्तकं आणि स्वरलिपी घेण्याचा मोह आवरू नका. हॉटेलातल्या जेवणावर मात्र कर लागतो. शाकाहारी माणसाचं सूप-सँडविचवर भागतं. आम्ही घरून दशम्या आणि चटणी नेली होती, आणि नदीकाठी बसून खाल्ली.

मॅकडॉवेल आणि मॅरियन यांना त्यांच्याच जमिनीवर, संस्थेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला पुरलं आहे. तिथे जायचं असेल तर आधी संस्थेच्या कार्यालयाला फोन करून विचारा आणि आवाराच्या आत पाऊल टाकू नका. एक मोठा दगड आणि त्यावर धातूची पाटी, एवढंच. पाटीवरच्या ओळी त्याने स्वतः लिहिल्या, 'फ्रॉम अ लॉग कॅबिन' (ओंडक्यांच्या झोपडीतून) या रचनेच्या माथ्यावर. त्यांचा आशय असा: कुणाला न सांगितलेल्या स्वप्नांचं घर, कुजबुजणाऱ्या झाडांच्या शेंड्यांवरून मावळत्या सूर्याकडे पाहणारं.

शरद ऋतूत जाण्याचं कारण नुसती लाल-पिवळी पानं नाहीत, जरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती डोळ्यांत मावत नाहीत. आसपासच्या कुठल्याही सार्वजनिक पायवाटेवर चालायला लागा. दाट जंगलात मध्येच दगडी गडगे दिसतात, आपल्या कोकणात कंपाउंडाला असतात तसे, नुसते दगडावर दगड रचलेले. जंगलात गडगे कशाला? कारण ते जंगल नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात इथे मेंढ्यांची कुरणं होती. पुढे लोक पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीकडे, गिरण्यांच्या शहरांकडे निघून गेले, शेतं ओस पडली आणि झाडांनी ती परत घेतली. 'वुडलँड स्केचेस'मधली आठवी रचना 'अ डेझर्टेड फार्म' ऐकून हे गडगे पाहा, किंवा पाहून मग ऐका. ते संगीत नुसतं निसर्गवर्णन आहे असं मला वाटायचं. तिथे उभं राहिल्यावर त्यात गेलेल्या माणसांची जागा ऐकू आली. मॅकडॉवेलला गोड, बैठकीच्या खोलीतला संगीतकार म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही एक रचना तरी मन लावून ऐकावी.

उन्हाळ्यातला पदकाचा दिवस हा खरा दिवस. 1960 पासून जवळपास दर वर्षी एका कलावंताला एडवर्ड मॅकडॉवेल पदक दिलं जातं. पहिलं मिळालं नाटककार थॉर्नटन वाइल्डरला, जो स्वतः इथे येऊन लिहून गेला होता. त्या दिवशी फाटक सगळ्यांना खुलं, प्रवेश मोफत. अलीकडे हा समारंभ जुलैमधल्या रविवारी होतो, पण संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख पाहिल्याशिवाय बेत ठरवू नका. भाषणं होतात, मग गवतावर जेवणं, आणि दुपारी तिथे राहणारे कलावंत आपापल्या स्टुडिओचं दार उघडून उभे राहतात. जेवणात फार वेळ घालवू नका. जंगलात विखुरलेले तीसेक स्टुडिओ आहेत आणि मुद्दामच एकातून दुसरा दिसणार नाही असे बांधलेत. नकाशा घ्या, बूट चांगले घाला आणि ठरवून तीन-चारच पाहा. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या टांगलेल्या असतात. राहून गेलेला प्रत्येक जण त्यावर नाव आणि तारीख लिहितो. एरवी दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी ठेवलं जातं, तेही दार न वाजवता. संगीतकार कॉपलंड आणि बर्नस्टाइन, लेखिका विला कॅथर, लेखक जेम्स बाल्डविन, सगळ्यांनी ती टोपली उचललेली आहे.

आणि ती ओंडक्यांची झोपडी. नवऱ्याला घरातल्या वर्दळीत लिहिता येत नाही हे पाहून मॅरियनने ती त्याच्यासाठी शेताच्या कडेला, झाडीत बांधून घेतली. छोटीशी, आत दगडी शेकोटी. लेक बाहेर उभी राहून म्हणाली, "आई, मावळता सूर्य कुठून दिसायचा?" शंभरावर वर्षांत झाडं फार उंच झाली आहेत. पण इतक्या लहान जागेत 'केल्टिक' सोनाटासारखं वादळ सुचलं हे तिथे उभं राहून मनावर ठसतं.

या झोपडीचा उपभोग त्याला फार थोडा मिळाला. 1904 मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांशी संगीत-शिक्षणावरून मतभेद होऊन त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून तो जखमी झाला. त्यानंतर त्याचं मन हळूहळू विझत गेलं. 23 जानेवारी 1908 ला तो गेला, वय अवघं 47. स्वतःला मिळालेला एकांत इतर कलावंतांनाही मिळावा ही त्याची इच्छा होती, आणि तो जिवंत असतानाच, 1907 मध्ये मॅरियनने ही संस्था सुरू करून ती पुरी केली. पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे ती कुबड्या घेऊन चालत असे. तरी वर्षानुवर्षं ती देशभर फिरली, त्याच्या रचना वाजवल्या, व्याख्यानं दिली आणि पै पै करून पैसा उभा केला. 1938 च्या चक्रीवादळाने जंगल आडवं केलं, तेव्हा ती ऐंशीची होती, आणि तेव्हाही तिने पुन्हा उभारणी केली. 98 व्या वर्षी, 1956 मध्ये ती वारली. 'वाइल्ड रोझ'चा कागदही मॅकडॉवेलने टाकून दिला होता आणि तिनेच तो उचलून ठेवला, असं सांगतात. माझ्या मते पीटरबरो पाहायचं ते तिच्यासाठीही.

गाडीत ऐकायला: जाताना दुसरा पियानो कॉन्चेर्टो, डी मायनर. 1889 मध्ये न्यूयॉर्कला मॅकडॉवेलने स्वतः तो पहिल्यांदा वाजवला आणि कारेन्योला अर्पण केला. सुरुवात संथ, आणि मधली चाल इतकी चपळ की घाटात ऐकू नका, पाय नकळत दाबला जातो. पियानोवादक व्हॅन क्लायबर्नचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. येताना 'इंडियन स्वीट'मधला शोकगीताचा भाग, 'डर्ज'. मूळ स्वर कायोवा जमातीतल्या एका आईच्या गाण्याचे. त्याची सगळी वाद्यवृंद-रचना एका पारड्यात आणि हा भाग एका पारड्यात टाकला तर मी हा घेईन. स्वरलिप्या आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, आंतरजालावर फुकट मिळतात.

हंगामाचं थोडं. एप्रिलमध्ये कच्चे रस्ते चिखलाचे, मे-जूनमध्ये काळ्या माश्या चावून हैराण करतात. मेपासून शरदापर्यंत गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार, आणि मुक्कामी पोचल्यावर मुलांचे पाय, मान, कानांमागे नीट तपासा. नोव्हेंबरमध्ये शिकारीचा मोसम, जंगलात भगवं-नारिंगी काहीतरी अंगावर हवंच. डोंगरात फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. माउंट मोनॅडनॉक चढायचा असेल तर तो वेगळा दिवस समजा आणि वाहनतळाची जागा आधी राखून ठेवा. जवळच्या जॅफ्रीला विला कॅथरची कबर आहे, अर्ध्या तासाचं काम.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणी कविता, कादंबरी, चित्रपट किंवा संगीत करणारं असेल तर पाहुणे म्हणून जाण्याऐवजी अर्ज करून जा. जगातल्या कुठल्याही देशातल्या कलावंताला अर्ज करता येतो आणि निवड झाली तर राहण्या-जेवणाचा खर्च संस्था करते. मराठीत लिहिणाऱ्यांनी नमुन्याचा इंग्रजी अनुवाद जोडायचा. अर्जाच्या मुदती आणि शुल्क संकेतस्थळावर असतात. अनुवादाला वेळ लागतो, त्यामुळे तो आधी हातात घ्या.