वडील हयात आहेत का?

महाडीबीटी म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीचं पोर्टल. त्याच्या फॉर्ममध्ये पालकांच्या माहितीत एक प्रश्न आहे: वडील हयात आहेत का? उत्तराला दोनच पर्याय, होय आणि नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात तिथल्या पोराने तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हायती." पुढचा प्रश्न, काय करतात? "ते आम्हास्नी ठावं न्हाई." मागे रांग ताटकळलेली. पोरगं जरा चुळबुळलं, मग हळू आवाजात म्हणालं, "मावशी, मयत टाकू का? सोपं जातं." आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जित्या माणसाला कशाला मारतोस? होय लिव्ह."

होय लिहिलं. त्या एका 'होय'ने पुढचे दोन महिने खाल्ले. खरं तर त्याच्या आधीचं वर्षही त्याच माणसाचे कागद गोळा करण्यात गेलं होतं.

मी चौथीत असताना वडील घर सोडून गेले. घटस्फोट नाही, पोलिसात तक्रार नाही, पोटगीचा दावा नाही. आधी सुरतेला आहेत असं कानावर यायचं, मग तेही यायचं बंद झालं. आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन सातारा जिल्ह्यात माहेरी आली. फॉल-पिकोचं मशीन हप्त्यावर घेतलं, त्यावर आम्ही दोघं शिकलो. माझ्या नावाच्या मध्ये मात्र वडीलच राहिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचंही नाव लावतात. मी अठरा वर्षं लवकर जन्मले.

आम्ही ओबीसी. इंजिनिअरिंगला ओबीसीतून प्रवेश आणि फी सवलत हवी तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात पडताळणी समितीची व्हॅलिडिटी, म्हणजे तो जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र. जातीचा दाखला होता. वडिलांनी जाण्याच्या आदल्या वर्षी काढून ठेवला होता. आमच्यासाठी त्यांनी केलेलं ते शेवटचं सरकारी काम. व्हॅलिडिटीला मात्र पुरावे लागतात, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, आणि तेही बापाच्या घराण्यातले. आजोळच्या आजोबांचा शाळेचा दाखला आईने ट्रंकेत जपून ठेवलाय. तीच जात, साल १९५१. कॉलेजातल्या सरांनी तो बघितला आणि परत दिला. "हा नाही चालत बेटा, वडिलांकडचा आण."

वडिलांकडचा म्हणजे काकांकडचा. २०२३ च्या दिवाळीनंतर मामा आणि मी एसटीने निघालो, सोलापूर जिल्ह्यात, शेवटचा टप्पा वडापने. आठ वर्षांनी त्या गावात जात होते. आईने बरोबर चकल्या दिल्या होत्या. का दिल्या ते मी विचारलं नाही.

काकूने ओळखलं, पाणी दिलं, चहा ठेवला. काका शेतातून आले आणि मामाला बघून दारातच थांबले. "पाव्हणं, अचानक?" मामाने सगळं समजावून सांगितलं. वंशावळ लिहून द्यायची आहे, प्रतिज्ञापत्रावर सही हवी, आजोबांच्या शाळेचा उतारा हवा. वंशावळ हा शब्द ऐकल्यावर काकांचा चेहराच बदलला. बराच वेळ ते चहाच्या बशीत फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "सातबाऱ्याचं तर काही नाही ना ह्यात?"

मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. साडेतीन एकर जिरायत, त्यात बेपत्ता भावाचा हिस्सा, आणि आठ वर्षांनी त्या भावाची पोरगी मामाला घेऊन दारात उभी, वंशावळ मागतेय. कुणालाही जमीनच आठवेल. मामा शांत माणूस. त्याने पिशवीतून कॉलेजने दिलेली कागदांची यादी काढली, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "वाचा. ह्यात गट नंबर कुठं दिसतो का सांगा." काकांनी खरंच वाचली, बोट ठेवून, ओळ न् ओळ.

मग काकूच मधे पडली. आमच्या थोरलीची व्हॅलिडिटी झालीय ना, तिची झेरॉक्स द्या की पोरीला. हे आम्हाला माहीतच नव्हतं. ज्यांच्या घरात असाच गुंता आहे त्यांच्यासाठी सांगते: वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाचीही व्हॅलिडिटी झालेली असेल, चुलत भाऊ, चुलत बहीण, आत्या, तर आधी ती शोधा. ती जोडली आणि नातं वंशावळीत नीट दाखवलं की अर्धी लढाई तिथेच संपते. आम्ही १९६७ च्या मागे धावत होतो आणि कागद काकूच्या कपाटात साड्यांखाली होता.

तरी शाळेत गेलोच, उतारा असलेला बरा म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक कापडी बांधणीचं जनरल रजिस्टर घेऊन बसले. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. १९५४ चं पान सापडलं. आजोबांचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं वळणदार अक्षरात. सर बोट सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि त्यांनी वाचलं, "शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर." काका हसले. मामाही हसला. मग मीही.

काकांनी त्याच दिवशी सही केली. निघताना काकूने चकल्यांचा डबा धुऊन, त्यात शेंगदाण्याची चटणी भरून परत दिला.

कॉलेजचं शिफारसपत्र, नमुना १६ चा अर्ज, नमुना ३ ची वंशावळ, नमुना १७ चं प्रतिज्ञापत्र, सगळं ऑनलाइन भरून प्रती समितीकडे गेल्या. एकदा त्रुटी निघाली: दाखल्यावर आडनावात एक वेलांटी ऱ्हस्व, उताऱ्यात दीर्घ. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र दिलं. व्हॅलिडिटी आली ती बारावीच्या परीक्षेत, भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी. त्या रात्री अभ्यास काही झाला नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचा त्रास वेगळ्या जातीचा. जून २०२४, निकाल लागलेले, सगळ्या तालुक्याला तोच कागद हवा. तलाठ्यांचा अहवाल लागतो आणि तलाठी विचारणार कुटुंबाचं उत्पन्न. रेशनकार्डावर अजून वडिलांचं नाव. आई म्हणते माझं वर्षाचं बहात्तर हजार. ते म्हणतात, आणि मालकांचं? मालक कुठं आहेत तेच माहीत नाही. मग तसं लिहून द्या. कसं लिहायचं? त्यांनी तोंडी मजकूर सांगितला, मी लिहिला: पती सन २०१६ पासून विभक्त राहतात, कोणतीही पोटगी देत नाहीत, त्यांच्या उत्पन्नाची मला माहिती नाही, मुलांचा सर्व खर्च मी करते. खाली पोलीस पाटील आणि शेजारच्या दोन पंचांच्या सह्या. तलाठ्यांनी मधे 'परित्यक्ता' हा शब्द घालायला सांगितला. आईने मला थांबवलं. "त्याचा अर्थ टाकलेली असाच हाय न्हवं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग विभक्तच ऱ्हाऊ दे." तलाठी काही बोलले नाहीत, तसंच राहू दिलं. माझ्या मते त्या अख्ख्या वर्षातला सगळ्यात भला सरकारी माणूस तो.

बाहेर टेबल टाकून बसलेल्या एकाने त्याआधी आम्हाला शंभरचा बाँड आणायला लावला होता, वर लिहिणावळ दोनशे. नंतर कळलं की अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क शासनाने २००४ सालीच माफ केलंय, साधा कागद पुरतो. तीनशे रुपये म्हणजे आईच्या कितीतरी साड्यांचे फॉल.

त्याच वर्षी ८ जुलैला एक शासन निर्णय आला. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मधल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. मामाने मोबाइलवर बातमी दोनदा वाचली आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "व्हॅलिडिटी काढली ते बरं झालं." कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, पुण्यातलं एक खासगी कॉलेज मिळालं. वर्षाची फी एक लाख अठ्ठावीस हजार, त्यात शिक्षण शुल्क एक लाख बारा हजार. उरलेले सोळा हजार विकास शुल्क. ते माफीत येत नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, तीही नाहीत. 'मुलींना शिक्षण मोफत' ही बातमी वाचून हात हलवत जाऊ नका, एवढंच.

प्रवेशाच्या खिडकीवर सांगितलं, निम्मी फी आत्ता भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत मिळेल. आमच्याकडे सोळा हजार होते, मोजून. मी शासन निर्णयाची प्रिंट पुढे केली. त्या बाई म्हणाल्या, आम्हाला वरून काही आलेलं नाही. मामा आणि मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर तीन तास बसलो. आत गेल्यावर पाच मिनिटांत काम झालं: हमीपत्र लिहून घेतलं आणि प्रवेश दिला. तीन तास कशासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही.

मग तो फॉर्म, ते 'होय'. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. पहिल्यांदा परत आला तो कॉलेजच्या पायरीवरूनच: वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडा. आईचं प्रतिज्ञापत्र मी 'इतर कागदपत्रे'मध्ये टाकलं होतं, ते कुणी उघडलंच नव्हतं. दुसऱ्यांदा मी उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि पंचांचा जबाब एकाच पीडीएफमध्ये, प्रतिज्ञापत्र सगळ्यात वर ठेवून, उत्पन्नाच्या रकान्यातच अपलोड केला. आणि स्वतः जाऊन कारकुनांना दाखवलं की पहिलं पान कोणतं आहे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे वडील आहेत, पण नाहीत?" मी म्हटलं, हो सर, तसंच. त्यांनी माझ्यासमोर अर्ज पुढे पाठवला. पोर्टलवर मंजुरी दिसायला जानेवारी उजाडला. आईला फोन केला तर तिने विचारलं, "परत फेडायचं असतंय का?" नाही म्हटलं, तरी तिने दोनदा खात्री करून घेतली.

नंतर एका जूनमध्ये काकांचा फोन आला. त्यांचा धाकटा अकरावी सायन्सला गेला होता. थोरलीच्या वेळी सगळं एजंटाने केलं होतं, वंशावळ कशी लिहायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी माझ्या नमुना ३ चा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात आजोबांच्या खाली त्यांचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी आहे. खाली लिहिलं, बाँड आणू नका, साधा कागद चालतो.