ड्राय फायरची वही: पिन आपटते कुठे?

पहिला आठवडा

एअर पिस्तुलावरून .२२ वर (छोट्या काडतुसाच्या पिस्तुलावर) येऊन चार महिने झाले आणि स्कोअर काही केल्या हलत नाही. २५ मीटर प्रिसिजन (सावकाश नेम धरून मारायचा प्रकार), ३० गोळ्या, ३०० पैकी २५१. हिशेब मांडला तर लाज वाटते. एअर पिस्तुलाचा दहा (निशाण्याचं दहा गुणांचं वर्तुळ) ११.५ मिमीचा, १० मीटरवर. इथला दहा ५० मिमीचा, २५ मीटरवर. अंतर अडीचपट वाढलं, पण दहा चौपटीहून मोठा झाला. म्हणजे हाताची थरथर तेवढीच धरली तर इथे दहा लागणं सोपं जायला हवं.

मार्क ट्रिगरमध्ये जातायत. एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमचा ट्रिगर चालतो, इथे किमान १००० ग्रॅम लागतात. माझं बोट अजून पाचशेच्या हिशेबात ओढतं, ट्रिगर सुटत नाही म्हटल्यावर घाबरतं आणि उरलेलं वजन एका झटक्यात उरकतं. गोळ्या खाली डावीकडे. (उजव्या हाताने मारणाऱ्यांना हा कोपरा ओळखीचा असेल.)

तेव्हा रोज पंधरा मिनिटं ड्राय, म्हणजे काडतूस न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव. एअर पिस्तुलावर ड्राय मारून हे सुधारणार नाही, कारण चूकच हजार ग्रॅमची आहे. .२२ वरच मारायला हवं, आणि इथेच पहिली अडचण आली. रेंजवर दोघांना विचारलं. एक म्हणाला, ‘वीस वर्षं मारतोय, काही होत नाही.’ दुसऱ्याने माझ्या हातातलं पिस्तूल असं काढून घेतलं की जणू मी त्याला विष पाजायला निघालो होतो.

दुसरा आठवडा

दोघंही बरोबर होते. दोघांची हत्यारं वेगळी होती, एवढंच.

सेंटरफायर काडतुसाचा प्रायमर (मार बसला की पेटणारी टोपी) बुडाच्या मधोमध असतो, फायरिंग पिन त्यावर आपटते. काडतूस नसेल तर पिन मोकळ्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) पुढे जाते, तिथे आपटायला काही नसतं. पण तिला कुठेतरी थांबावं लागतंच. एरवी प्रायमरचा मऊ पितळी कप चेपताना तिचा बराचसा जोर तिथे खर्च होतो. ड्रायमध्ये तो सगळा जोर पिनचा खांदा, तिची आडवी खीळ किंवा स्लाइडचा आतला भाग घेतो. आजकालच्या बहुतेक पिस्तुलांत हे भाग त्यासाठी पुरेसे भक्कम असतात, हजारो वेळा मारलं तरी चालतं. तरी अपवाद आहेत. सीझेड ७५ मध्ये फायरिंग पिन अडवणारी रोल पिन पोकळ असते, आणि काडतुसाशिवाय सतत मारत राहिलं तर ती चेपते, कधी तुटते. बदलायला सोपी आहे, पण तुटलेली कळायला हवी. जुन्या दुनळी बंदुकांच्या पिना कडक आणि ठिसूळ असतात, तिथे स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारं नकली काडतूस) घातल्याशिवाय घोडा सोडूच नये. घोड्यावरच पिन बसवलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांचंही तेच.

.२२ ची गोष्ट निराळी. ही रिमफायर. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, रिमच्या आत भरलेला असतो, म्हणून पिन मधोमध न मारता कडेवर मारते. काडतूस काढून घ्या आणि पिनच्या समोर काय उरतं ते बघा: चेंबरच्या तोंडाची पोलादी कड. रिमची जाडी सुमारे १.१ मिमी. बोल्टचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचा) चेहरा आणि ती कड यांच्यात फट साधारण तेवढीच. पिन त्या फटीपेक्षा जास्त पुढे आली तर पोलादावर पोलाद.

चांगल्या बनावटीत पिनला अलीकडेच अडवतात. रुगर १०/२२ ड्राय मारलेली चालते असं कंपनीच सांगते, ते याच जोरावर. माझ्या पिस्तुलातही बोल्टमध्ये आडवी घातलेली एक छोटी खीळ आहे, पिन तिला अडकून थांबते. बोल्ट बाहेर काढला, पिन मागून बोटाने पूर्ण पुढे ढकलली आणि व्हर्नियरच्या शेपटीने मोजलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ०.९ मिमीच्या आसपास. कडेपर्यंत पोचायला ०.२ कमी. केसाच्या दोन-तीन पदरांइतकी जागा, पण पुरते.

तरी सुरुवातीला खबरदारी म्हणून चेंबरमध्ये प्लास्टिकची गिट्टी घातली, भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ती. मापाची मिळाली तर कॉलर अगदी रिमसारखी बसते. दहा-बारा टकांनंतर खड्डा पडतो, मग जरा फिरवायची. ॲल्युमिनियमच्या .२२ डमी घेऊ नका. त्या भरण्या-काढण्याच्या सरावासाठी असतात, पिनचा मार त्यांची रिम फार काळ सोसत नाही. रिकामी पुंगळी (मारून झालेल्या काडतुसाचं कवच) फिरवून फिरवून चार-पाच वेळा चालते. पण रिकामी आणि भरलेली यांत गल्लत व्हायची भीती मला जास्त वाटते, म्हणून ती बाद.

चौथा आठवडा

ड्रायचं खरं काम आता कळतंय. गोळी सुटते तेव्हा धक्क्यात सगळे गुन्हे झाकले जातात. ड्रायमध्ये काहीच झाकलं जात नाही. टक होताना फ्रंट साईट डावीकडे खाली एक डुबकी मारते, अर्ध्या क्षणाची. पहिल्या दिवशी दहातल्या आठ वेळा दिसली. नळीवर नाणं ठेवून मारायला लागलो तर पहिल्या संध्याकाळी नाणं उचलण्यातच निम्मा वेळ गेला. कालच्या वीस टकांत दोनदाच पडलं.

गिट्टी आता बंद केली. पिस्तुलासोबत आलेल्या पुस्तकात ड्राय चालतं असं छापलंय, मोजून पाहिलंय, मग दर वेळी बोल्ट ओढला की उडून कपाटाखाली जाणारी ती पिवळी पीडा कशाला?

पाचवा आठवडा

फाजील आत्मविश्वासाचा आठवडा.

रविवारी बोल्ट पूर्ण उघडून साफ केला. सोमवार, मंगळवार मिळून सव्वाशे टक. आवाज वेगळा येत होता, एरवीच्या बोथट ‘टक’ऐवजी कडक, धातूचा ‘टण्’. मला वाटलं तेल धुऊन गेलंय म्हणून. बुधवारी रेंजवर पहिली गोळी नीट गेली. दुसरीची पुंगळी आत अडकली. तिसरं काडतूस पूर्ण बसेचना, अंगठ्याने रेटलं तेव्हा बसलं. (तसं रेटायचं नसतं, तोंड त्या वेळी निशाण्याकडे होतं एवढंच नशीब.)

घरी येऊन भिंगातून पाहिलं. चेंबरच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, पिनच्या टोकाच्या आकाराचा आयताकृती खड्डा. खड्डा तसा बिचारा निरुपद्रवी. पण तिथलं दबलेलं पोलाद जाणार कुठे? ते आतल्या बाजूला सरकून चेंबरमध्ये ओठासारखं आलं होतं. काडीच्या टोकाने चाचपलं तर स्पष्ट अडकत होतं. पुंगळी पितळेची, गोळी सुटताना ती फुगून त्या ओठावर चिकटते, मग ओढणारा हूक तिला सोडवू शकत नाही.

आणि आडवी खीळ? रविवारच्या चिंधीत. घडी उलगडली तशी टुणकन जमिनीवर पडली. खिळीशिवाय पिन मोजली: १.४ मिमी. कडेच्या ०.३ पुढे, सव्वाशे वेळा. ज्या पुस्तकाचा मी दाखला देत होतो त्यातच पुढच्या ओळीत लिहिलंय की ही खीळ नसेल तर ड्राय मारू नये. अर्धी ओळ वाचून पुस्तक मिटणाऱ्या जमातीतला मी.

आर्मररकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे) नेलं. कानशीने ओठ कापून टाकावा असं मला वाटत होतं, त्याने हात जोडले. कापलं तर खड्ड्याच्या जागी रिमला आधार उरत नाही. त्याच्याकडे चेंबर सरळ करायचं अवजार होतं, निमुळता कडक पोलादी दांडा, चेंबरच्या मापाचा. तेल लावून आत घातला, हलके दाब देत फिरवला आणि आत आलेलं पोलाद होतं तिथे परत लोटलं. दहा मिनिटांचं काम. खड्डा पूर्ण गेला नाही, पुसटसा दिसतो, पण पुंगळ्या आता आपल्याआप उडतात.

सहावा आठवडा

एकाने विचारलं म्हणून: स्प्रिंग-पिस्टनची एअर रायफल पेलेटशिवाय मारायची नाही, एकदाही. पेलेट नळी अडवून धरतो म्हणून पिस्टनपुढे दाबलेल्या हवेची गादी तयार होते. पेलेट नसेल तर हवा निसटते आणि पिस्टन सरळ सिलिंडरच्या टोकाला जाऊन धडकतो. सील, स्प्रिंग, दोन्हींचं आयुष्य कमी. स्पर्धेच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) पिस्तुलांत बहुधा ड्रायची वेगळी सोय असते, हवा न सोडता नुसता ट्रिगर चालतो. तिथे मनसोक्त मारा.

स्प्रिंगा झिजतील का, हेही विचारलं जातं. झिजतात, सावकाश, आणि स्वस्तात बदलतात. पुढे.

सातवा आठवडा

गिट्टी परत आली आहे, गरज नसताना. पिन थांबली नाही तर मार गिट्टी खाईल. शिवाय चेंबरमध्ये पिवळं दिसलं की तिथे काडतूस नाही याची डोळ्यांनाच खात्री पटते.

काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बसण्याआधी मॅगझिन काढून चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासायचं. नेम त्याच एका भिंतीवर, जिच्यामागे माणूस नाही. सराव संपला की मोठ्याने ‘ड्राय संपलं’ म्हणून पिस्तूल पेटीत. घरातले हसतात, हसू देत. पिस्तूल पेटीत ठेवल्यावर ‘आता शेवटचा एक’ असं मनात येतं तो क्षण मला सगळ्यात घातकी वाटतो.

नववा आठवडा

३० गोळ्या, २६४. खाली-डावीकडच्या कोपऱ्यात फक्त तीन. शेवटच्या पाचांत एक सात लागला, तो ट्रिगरचा नव्हता, मी स्कोअर मोजत होतो.

साफसफाईनंतर पिन मोजली, ०.९. खिळीसाठी चुंबक लावलेली बशी आणली आहे. पुढच्या आठवड्यापासून रॅपिड: हात ४५ अंशांवर, ३ सेकंदांत वर आणून एक गोळी, ७ सेकंद विश्रांती. त्या सात सेकंदांत पकड न सोडता बोल्ट कसा ओढायचा, हे कुणाला जमलं असेल तर सांगा. माझी तर दर वेळी गिट्टी कपाटाखाली जाते.