पाच घरं आणि एक तास : पुरुषोत्तमचा माझा अनुभव

पुरुषोत्तमला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला, एकांकिका द्यायची हे फर्स्ट इयरपासून डोक्यात होतं, लिहायला बसले थेट थर्ड इयरला. गोष्ट सदाशिव पेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगची, म्हणजे जिथे प्रयोग होणार त्या भरत नाट्य मंदिरापासून दोन गल्ल्या सोडून घडेल अशीच. नोकरी गेलेला नवरा रोज डबा घेऊन घरातून निघतो आणि दिवसभर अभ्यासिकेत बसून राहतो, त्याच अभ्यासिकेत वरच्या मजल्यावरची मुलगी असते जिने एमपीएससी कधीच सोडलीय पण गावी सांगितलेलं नाही, तिच्यात जीव अडकलेला मेसचा पोरगा, बायको झोपल्यावर गॅलरीत जाऊन कोणालातरी फोन करणारे आजोबा आणि रात्रपाळीचा कॅबवाला. असं पाच घरांचं.

पहिला रन-थ्रू झाला 74 मिनिटांचा. एकांकिका तासात संपायलाच लागते, 1963 पासून चालू असलेली स्पर्धा आहे, तिथे गय नाही. त्यात सीनियर्स सारखे सांगायचे की 2022 ला करंडक कोणालाच दिला नव्हता, परीक्षकांना एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून. मला रात्र रात्र झोप लागायची नाही.

खरी अडचण वाक्यांची नव्हतीच. ब्लॅकआउटची होती. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं की अंधार, परत उजेड, परत अंधार, मोजले तर 19 निघाले आणि प्रत्येक वेळी बघणाऱ्याचं लक्ष तुटतंय ते आम्हाला तालमीतच कळत होतं. मग एकदा घरी आले तर दाराला कुलूप, म्हणून शेजारच्या काकूंकडे किल्ली मागायला गेले, त्यांच्या दारामागे खिळ्यांची एक पट्टी आहे, तिच्यावर आख्ख्या मजल्याच्या जादाच्या किल्ल्या लटकतात. काकूंनी न बघता हात मागे नेला आणि बरोबर आमचीच काढून दिली. मी तिथेच उभी राहिले. बिल्डिंगमधलं सगळं हिला माहीत असणार!

रात्रीत सगळं परत लिहिलं. स्टेजच्या मधोमध ती पट्टी आणि एक काकू, बाकी घरं नाहीतच, ज्याची किल्ली हातात त्याचा सीन चालू, किल्ली परत खिळ्यावर गेली की पुढचा. ब्लॅकआउट उरला एक, शेवटचा.

तरी 66 मिनिटं होत होती. कॅबवाल्याचा ट्रॅक काढावा लागला. तो करणारा माझा जवळचा मित्र, दीड महिना रोज तालमीला येत होता, त्याला सांगताना मला रडू आलं, तो म्हणाला अगं लाईट कोण करतंय ते सांग आधी. आणि लाईटला बसला. पाचवी किल्ली मात्र मी पट्टीवरून काढली नाही. डिरेक्टर म्हणाला काढ, लोक वाट बघत बसतील, पण मी नाही ऐकलं.

प्राथमिक फेरीला तिसऱ्या घंटेआधी 'आव्वाज कुणाचा' सुरू झालं तेव्हा विंगेत माझे हात गार पडले होते. प्रयोग 57 मिनिटांत संपला. फायनलला नाही गेलो. बाहेर चहाला उभे होतो तर एक आजी आल्या आणि विचारलं, ती कडेची किल्ली कोणाची गं, त्या घरात कोणी राहत नाही का? मी त्या मित्राकडे बघितलं. त्याने त्यांना बाकावर बसवलं आणि कॅबवाल्याची सगळी गोष्ट सांगितली, डायलॉगसकट.