एक फूट आठ इंच

जुलै 2014. टेक्सासात, ह्यूस्टनमधल्या सहा जणांच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात मला तीन वर्षं झाली होती. लायसन्सच्या परीक्षा अर्धवट राहिलेल्या, त्यामुळे मोजमापं माझी, ड्रॉइंग माझं आणि सही बॉसची. दातांचे दवाखाने, दुकानं, एखादं पाळणाघर, अशी आमची किरकोळ कामं. एका सोमवारी बॉसने टेबलावर फाईल ठेवली. गर्भपाताचं क्लिनिक होतं, इथून तीन तासांवर. क्लिनिकच्या वकिलांना ताबडतोब उत्तर हवं होतं, कारण 1 सप्टेंबरपासून नवा नियम लागू होणार होता.

बॉस दर रविवारी चर्चला जाणारा माणूस, गर्भपाताच्या ठाम विरोधात. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा म्हणाला, "आपल्याला एवढंच विचारलंय, की या जागेत ते बसतं का. तेवढंच सांगायचं."

'ते' म्हणजे काय, हे सांगायला हवं. 2013 च्या जूनमध्ये वेंडी डेव्हिस या सिनेटर गुलाबी बूट घालून टेक्सासच्या विधिमंडळात अकरा तास उभ्या राहून बोलल्या, ते या बिलावरून. तेव्हा ते अडलं, जुलैत पुन्हा आणून मंजूर झालं. नाव 'हाउस बिल 2'. त्यात दोन मोठी कलमं होती. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला तीस मैलांच्या आतल्या एखाद्या हॉस्पिटलात पेशंट दाखल करण्याचा अधिकार हवा, हे पहिलं. ते लागू झालं आणि राज्यातली चाळीसेक क्लिनिकं निम्म्यावर आली. दुसरं कलम आमच्या खात्यातलं. क्लिनिकची इमारत 'अँब्युलेटरी सर्जिकल सेंटर'च्या, म्हणजे शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या केंद्राच्या दर्जाची हवी. ते लागू झालं तर सात-आठच उरणार होती, तीही मोठ्या शहरांत. त्याविरुद्ध 'होल वुमन्स हेल्थ' आणि इतरांनी ऑस्टिनच्या फेडरल कोर्टात दावा लावला होता. आमचं काम वकिलांना आकडे पुरवण्यापुरतं.

पहाटे निघाले. क्लिनिक एका बैठ्या दुकानांच्या रांगेत होतं, शेजारी नखं रंगवायचं दुकान. साडेआठलाच डांबर तापलेलं. फाटकापाशी चार-पाच जण फलक घेऊन उभे होते. एक आजीबाई माझ्या दिशेने आल्या आणि खूप मायेने म्हणाल्या, "पोरी, अजून वेळ गेलेली नाही." माझ्या खांद्यावर नकाशाची नळी, हातात लेझर मीटर, तरीही त्यांना मी पेशंटच वाटले. मी चटकन बोलून गेले, "मी पेशंट नाही, आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलेय." आत पोचेपर्यंत त्या वाक्याची मलाच लाज वाटायला लागली. पेशंट असते तर काय बिघडलं असतं?

मॅनेजर बाई साठीच्या. आधी वेटिंग रूममधल्या बायकांना सांगून आल्या की ही मुलगी भिंती मोजायला आलीय, घाबरू नका. टेक्सासात आधी सोनोग्राफी आणि मग चोवीस तास थांबायचं, हा 2011 चा कायदा. त्यामुळे त्यातल्या काहींची ती दुसरी खेप होती. एकीच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर झोपलेलं. मी लेझरचा लाल ठिपका भिंतीवर टाकला तसं ते जागं झालं आणि ठिपक्याला पकडायला धावलं. सगळी खोली हसली.

मोजमाप सोपं निघालं. गर्भपाताच्या खोल्या दोन, शेजारी-शेजारी. प्रत्येक 11 फूट 2 इंच गुणिले 12 फूट 4 इंच, म्हणजे जेमतेम 138 चौरस फूट. नियम म्हणत होता की ऑपरेशन रूममध्ये किमान 240 चौरस फूट मोकळी जमीन हवी आणि भिंतीतल्या कपाटापासून समोरच्या कपाटापर्यंत किमान 14 फूट. आता आमचा धंदाच असला तिढा सोडवायचा. मी तिथेच स्टुलावर बसून ट्रेसिंग पेपर काढला. मधली भिंत पाडली की क्षेत्रफळ 275 च्या वर जातं, म्हणजे पास. पण रुंदी तीच राहते, 12 फूट 4 इंच. कपाटं धरायच्या आधीच एक फूट आठ इंच कमी.

ते वीस इंच आणायचे कुठून? एका बाजूला नखांच्या दुकानाची सामाईक भिंत, तिला हात लावायला घरमालकाचा साफ नकार. दुसऱ्या बाजूला पॅसेज. पॅसेज खाल्ला तर स्ट्रेचर वळत नाही. शिवाय नियमात आणखी बरंच होतं. कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या कपड्यात एका दारातून शिरायचं, कपडे बदलून दुसऱ्या दारातून आत जायचं, उलट यायचं नाही. हात धुवायची वेगळी जागा, हवेचा दाब, गाळण, आर्द्रता, वापरलेल्या वस्तूंची एक खोली, निर्जंतुक वस्तूंची दुसरी. एकेक ओळ वाचली तर कोणालाही वाटावं, बरोबर आहे, पेशंटच्या भल्याचंच आहे. कागदावर सगळं एकत्र काढायला घेतलं तेव्हा मला दिसलं की माझ्या नकाशात बायकांना बसायला खुर्चीही उरलेली नाही.

मॅनेजर बाईंनी मला एक कागदी पेला दाखवला, आपल्याकडे खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतो तेवढा. त्यात एक गोळी. "आमच्या काही पेशंट एवढंच करतात," त्या म्हणाल्या. "गोळी घेतात, पाणी पितात. त्रास झालाच तर तो घरी गेल्यावर होणार. तरी ही गोळी गिळायला इमारत मात्र ऑपरेशनची लागणार."

रात्री मोटेलमधून सांगलीला आत्याला फोन लावला. आत्याचं प्रसूतिगृह, दारावर 'शासनमान्य गर्भपात केंद्र' अशी पाटी. आपल्याकडे हा कायदा 1971 चा, आणि खासगी केंद्राला मान्यता देण्याआधी तपासणी होते. आत्याने धडाधड यादी म्हटली: टेबल, निर्जंतुकीकरणाचं यंत्र, शॉकवरची औषधं, सलाईन, गरज पडली तर पेशंट मोठ्या दवाखान्यात हलवायची सोय. मी चौदा फुटांचं सांगितल्यावर म्हणाली, "लवकरच्या दिवसांत दहा मिनिटांचं काम आहे गं. चौदा फूट कशाला? आत काय क्रिकेट खेळायचंय?"

खर्च काढला तो दहा लाख डॉलरच्या वर गेला, आणि एवढं ओतूनही जागेत बसत नव्हतंच. बॉसने ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं, स्वतः दोनदा स्केल लावली. पंधरा मिनिटं काही बोलला नाही. मग अहवालात 'शक्य नाही' लिहून खाली सही केली. त्यानंतर आमच्यात हा विषय दोन वर्षं निघाला नाही.

ऑगस्टअखेर ऑस्टिनच्या त्या कोर्टाचे न्यायाधीश ली येकेल यांनी तो नियम अडवला. 2 ऑक्टोबरला वरच्या कोर्टाने अडवणूक उठवली आणि ते क्लिनिक त्याच रात्री बंद झालं. बारा दिवसांनी सुप्रीम कोर्टाने पुन्हा नियम थांबवला, पण तोवर नर्सेस दुसरीकडे लागल्या होत्या आणि भाड्याचा करार सुटला होता. कोर्टात जिंकणं आणि दार उघडं राहणं यात किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळलं.

27 जून 2016 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पाच विरुद्ध तीन, दोन्ही कलमं रद्द. मी जेवणाच्या सुट्टीत न्यायमूर्ती ब्रायर यांचा निकाल वाचत बसले. टेक्सासात बाळंतपण दाईकडून घरी करायला परवानगी आहे आणि त्यात मृत्यूचा धोका गर्भपाताच्या चौदा पट, असं त्यात होतं. मोठ्या आतड्याची तपासणी दहा पट धोक्याची, ती सर्जिकल सेंटरबाहेर चालते. आणि मग एका पानावर माझे आकडे दिसले: 240 चौरस फूट, 14 फूट. अर्थात ते नियमातले आकडे, माझे कसले! पण मी ते पान छापून बॉसच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि त्या जुन्या फाईलमध्ये टाकलं.

आता त्या सगळ्यावर पाणी पडलंय. 2021 मध्ये टेक्सासने सहा आठवड्यांची मर्यादा आणली, 24 जून 2022 ला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. मोजायला क्लिनिकच उरली नाहीत.

2017 मध्ये मात्र त्याच रस्त्यावर एका दातांच्या दवाखान्याचं काम निघालं, म्हणून मुद्दाम तिकडून गेले. नखांच्या दुकानाने शेजारची जागाही घेतली होती. सामाईक भिंत पाडून टाकलेली, मध्ये फक्त एक खांब. मी पाय बुडवून बसले आणि सवयीने नजरेनेच माप घेतलं. आरामात सव्वीस फूट.